पाणसळीत बसवलेलं स्टेअरिंग

रहिमतपूरच्या बाजारपेठेतल्या वळणावर, समोरून उसाची रिकामी ट्रॉली येत असताना, विजयमालाबाईंनी स्टेअरिंग डावीकडे घेतलं. स्टेअरिंग आलं, गाडी आली नाही. कड्याचा अर्ध्या भाकरीएवढा तुकडा त्यांच्या हातात राहिला आणि उरलेलं चाक, या प्रकाराशी आपला काही संबंध नाही अशा थाटात, जागच्या जागी बसून राहिलं.

"सोडू नको," शेजारी बसलेले जोतीराम म्हणाले.

"सोडलंय कुठं? हातातच हाय की."

विजयमालाबाईंनी ब्रेक दाबला. ट्रॉलीवाल्यानंही दाबला, उतरून आला, तुकडा निरखून पाहिला आणि, "काकू, लय जोर हाय हातात," असं म्हणून निघून गेला. इथपर्यंत सगळं निभावलं होतं. पण मागे दोन रिक्षा आणि एक शेळी अडकली होती, लोक बघत होते, आणि लोक बघत असले की जोतीराम बोलतात. ते म्हणाले, "तरी मी रोज सांगतो, हात हलके ठेव."

 विजयमालाबाईंनी तो तुकडा पदरात गुंडाळला आणि उरलेल्या चाकाला धरून गाडी पहिल्या गिअरमध्ये घरी आणली. घरी आल्यावर तुकडा चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"आरटीओचा कॅम्प पुढच्याच्या पुढच्या सोमवारी हाय," त्या म्हणाल्या. "माझं शिकाऊ लायसन त्याच आठवड्यात संपतंय. मी अंकिताला काय सांगितलंय ठावं हाय ना?"

जोतीरामांना ठाऊक होतं. मुलगी अंकिता मलकापूरला राहते. पहिलं बाळंतपण, तिला माहेरी आणायचं होतं. विजयमालाबाईंनी फोनवर मोठ्या आवाजात सांगितलं होतं, "मी येते न्यायला. मी, मी. ह्यांना संगट घेऊन येते." लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात 'ह्यांच्याबरोबर जाते' हे वाक्य त्यांनी हजारदा उच्चारलं असेल. ते उलटं होऊन आलेलं जोतीरामांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि ऐकून ते गच्चीवर जाऊन आले होते.

*

जोतीराम साखर कारखान्याच्या काट्यावरून निवृत्त झाले. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, एकातून दुसरं वजा करायचं, की ऊस उरतो. आयुष्यभर हे केलेला माणूस बायकोला हळद जास्त झाली हे न चाखता सांगू शकतो. गावात त्यांना काटेबाबू म्हणतात. त्यांची गाडी बिस्किटी रंगाची, गिअर स्टेअरिंगखाली असलेली, कंपनीनं बनवायची केव्हाच सोडून दिलेली. पुण्याहून मुलगा वीरधवल दर रविवारी फोनवर ती भंगारात घालायला सांगतो आणि दर रविवारी जोतीराम म्हणतात, "बघू."

या वेळी वीरधवल म्हणाला, "आईला ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊ दे ना परीक्षेला."

विजयमालाबाईंनी फोन घेतला. "त्या गाडीचा गिअर गुडघ्यापाशी असतोय रं. मी गिअर टाकायला जाईन आणि वायपर चालू करीन. मला माझीच गाडी पायजे."

"मी बसवतो नवीन स्टेअरिंग," जोतीराम म्हणाले. "मी स्वतः. कॅम्पच्या आत."

'स्वतः' हा शब्द त्यांनी घाईत वापरला.

*

कारखान्याच्या काटा विभागातल्या निवृत्त मंडळींचा मोबाइलवर एक गट आहे. त्यावर जोतीरामांनी फुटक्या स्टेअरिंगचा फोटो टाकला.

— असे स्टेअरिंग कोठे मिळेल?

— भावपूर्ण श्रद्धांजली.

— कोण गेलं?

— काटेबाबूंची गाडी.

— फार वाईट झालं. परवाच बोलणं झालं होतं.

— कोणाशी?

— ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. सांगलीत जुन्या सामानाची गल्ली आहे तिथे बघा.

*

पण सांगलीला जायच्या आधी शेजार मध्ये येतो, आणि शेजार टाळून रहिमतपुरातून कुणाला सांगलीला जाता येत नाही, म्हणून समोरचे मोहिद्दीन, जे लग्नाच्या गाद्या भरतात, ते हातातला कापूस तसाच ठेवून म्हणाले की बाबू, सुतळी गुंडाळा, वरनं कापडाची पट्टी शिवून देतो, गादीसारखं मऊ हुईल, त्यांची बायको शाहजादी म्हणाली की मऊ झालं तर वैनीला झोप लागंल, एसटीतून निवृत्त झालेले गुंडा आप्पा म्हणाले की आमच्या काळात स्टेअरिंग फुटत नव्हतं, डायवर फुटायचा, दूध घालायला आलेली भामाबाई म्हणाली की आमच्या दिरानं ट्रॅक्टरला बैलगाडीचं चाक बसवलंय, पण त्याला ट्रॅक्टर चालू करायचा नसतो, नुसता दारात ठेवायचा असतो, आणि गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेला सद्दाम, जो मोहिद्दीनचा पुतण्या लागतो आणि ज्याचं मत सगळ्यात आधी घ्यायला हवं होतं, तो सगळ्यात शेवटी म्हणाला, "मामा, तुमी फकस्त चाक आणा. बसवायला काय, टोपी घालण्याएवढं सोपं हाय."

*

जोतीराम सुतळीनं कड्याचा घेर मोजून, सुतळीला गाठ मारून, पॅसेंजरनं सांगलीला गेले. गल्लीत सरफराज नावाच्या दुकानदारानं भिंतीवर स्टेअरिंगं अशी टांगली होती की बघणाऱ्याला चुडे भरायला आल्यासारखं वाटावं.

"हे घ्या. तुमच्याच गाडीचं," सरफराज म्हणाला. "मालक पेन्शनर हुते. ह्याला हातसुदिक लावला न्हाई."

"मग गाडी चालवली कशी?"

"सरळ रस्ता हुता."

सुतळी लावून पाहिली. गाठीला गाठ जुळली. जोतीरामांनी समाधानानं चाक घेतलं, आणि पिशवीत मावेना म्हणून गळ्यात अडकवलं.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, पण शांतता मिळाली नाही. चाक मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला लोक एकच प्रश्न वेगवेगळ्या पद्धतीनं विचारतात. "डायवर, कराड कवा येणार?" "जरा हळू घ्या, चहा सांडतोय." एका आजीबाईंनी खरोखर काळजीनं विचारलं, "लेका, हे तुझ्यापाशी, मग पुढं ती गाडी कशावर चालवतोय?" तिकीट तपासनीस आला. त्यानं तिकिटाऐवजी लायसन मागितलं. सगळा डबा हसला. जोतीरामांनी तिकीट काढून दाखवलं आणि वर लायसनही दाखवलं, कारण कुणी काही मागितलं की दाखवायचं ही त्यांची काट्यावरची सवय. त्यावर डबा जास्तच हसला.

घरी आल्यावर सद्दामनं चाक उलटं केलं. मधल्या भोकात दाते असतात. ते स्टेअरिंगच्या दांड्यावरच्या दात्यांत बसतात. या चाकाचे दाते जाड होते. घेर जुळला होता. घेरानं गाडी वळत नाही.

जोतीराम पुन्हा सांगलीला गेले. पुन्हा चाक गळ्यात. तोच तपासनीस होता. या वेळी त्यानं काही मागितलं नाही, फक्त वाट दिली.

*

दुसरं चाक अगदी बरोबर होतं. दोन दांड्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये हॉर्नचं काळं बटण. विजयमालाबाईंनी ते देवघरापुढे पाटावर ठेवलं आणि अट घातली: नवी वस्तू बसवायची तर गाडीचं तोंड पूर्वेला पाहिजे.

जोतीरामांनी गल्लीकडे पाहिलं. गल्ली दक्षिणोत्तर. उतारावर. पूर्वेला फक्त एकच गोष्ट आहे, मोहिद्दीनच्या अंगणाचं फाटक.

"घाला की आत," मोहिद्दीन म्हणाले. "नाक आत, शेपूट भायेर. आमाला काय, पाव्हणा आला म्हणू."

फुटक्या चाकाचा उरलेला भाग ओढत, चौघांनी ढकलत, गाडी तिरकी करून फाटकात घातली. जागा अरुंद असल्यामुळे पुढची चाकं पार वळवावी लागली. बोनेट पूर्वेला झालं. उतार म्हणून मागे दगड लावला. मोहिद्दीनची कापसाची पोती ठेवायची जागा गाडीनं घेतली होती, म्हणून त्यांनी ती पोती गाडीच्या पुढच्या चाकांभोवतीच रचली. हे नीट लक्षात ठेवलं पाहिजे, कारण त्या दिवशी कुणीच ठेवलं नाही.

*

हॉर्नचं बटण काढल्यावर खाली एक नट असतो. तो फिरवला की जुनं चाक सुटतं. सद्दामनं बटण काढलं. नट दिसला नाही. तिथं खालील पदार्थ तयार झालेला होता.

*साहित्य:* हळद, कुंकू, अक्षता, एका नारळाचं पाणी. *कृती:* दर खंडेनवमीला हळदकुंकू बटणावर सढळ हातानं वाहावं. नारळ स्टेअरिंगवरच फोडावा, म्हणजे पाणी फटीतून आत जातं. वर उदबत्तीची राख पडू द्यावी. उन्हाळ्यात बंद गाडीत भाजून घ्यावं. पावसाळ्यात काच थोडी उघडी राहू द्यावी. पुढच्या वर्षी पुन्हा. मुलगा शाळेत जाण्यापासून नोकरीला लागेपर्यंत करत राहावं.

"मामी," सद्दाम म्हणाला, "हा नट ऱ्हायला न्हाई. हे ठाणं झालंय."

"मग पाया पड आणि सोडीव," विजयमालाबाई म्हणाल्या.

सद्दामनं तेल सोडलं, छिन्नी लावली, पाना लावला, पान्याला पाइप लावला, पाइपला मोहिद्दीनला लावलं. पाइप वाकला. गरम पाण्याच्या फडक्यानं शेक देण्याची सूचना शाहजादीची. तिच्यामुळे गाडीला सगळ्या गल्लीत हळदीच्या दुधाचा वास सुटला. शेवटी दोन दिवसांनी नट सुटला, पण चाक निघेना. त्यासाठी पुलर लागतो, म्हणजे तीन वाकडे पाय असलेलं, मधल्या स्क्रूनं ओढून काढणारं हत्यार. सद्दामचा पुलर होता. तो लावला, आवळला, आणि असा आवाज झाला की गुंडा आप्पा घरातून चप्पल न घालता बाहेर आले. चाक जोतीरामांच्या मांडीवर पडलं.

"इतक्या वर्षांची पूजा हाय. भंगारात घालायचं न्हाई," विजयमालाबाईंनी जाहीर केलं आणि ते चाक परसातल्या दोडक्याच्या मांडवाला लावलं. वेलाला ते पसंत पडलं.

*

आता बसवायचं.

सद्दाम म्हणाला, "अंदाजानं ठेवा सरळ."

अंदाज हा शब्द जोतीरामांनी कारखान्यात कुणाला उच्चारू दिला नव्हता. त्यांनी गवंड्याकडून पाणसळ आणली. चाक दांड्यावर अलगद ठेवलं. दोन दांड्यांवर पाणसळ आडवी धरली. बुडबुडा डावीकडे पळाला. चाक एक दाता सरकवलं. उजवीकडे पळाला. गल्लीला उतार आहे हे त्यांना ठाऊक होतं. भरलेल्या ट्रॉलीतून रिकामी ट्रॉली वजा करावी तसा त्यांनी उतार मनातल्या मनात वजा केला. मोहिद्दीन, शाहजादी, गुंडा आप्पा, भामाबाई, सगळे श्वास रोखून बुडबुड्याकडे बघत होते. बुडबुडा हळूहळू मधोमध आला आणि थांबला.

"काट्यात," जोतीराम म्हणाले.

"एकदम काट्यात," गुंडा आप्पा म्हणाले, आणि ते सहसा कुणाशी सहमत होत नाहीत.

सद्दामनं नवा पाइप लावून, सगळं अंग टाकून नट आवळला. विजयमालाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, सद्दामशी झालेल्या कराराप्रमाणे बाहेरूनच. नारळ दगडावर फोडला. सद्दाम पुलर घेऊन गेला आणि जाता जाता तो विट्याच्या एका टेम्पोवाल्याला चार दिवसांसाठी देऊन टाकला, कारण आता त्याची कुणाला गरज पडणार होती?

जोतीराम गाडीत बसले. मागे घेतली. स्टेअरिंग सरळ धरलं होतं. गाडीचं ढुंगण मात्र गुंडा आप्पांच्या ओट्याकडे निघालं. "रिव्हर्स आहे, होतं असं," ते म्हणाले. मग पुढे घेतली. दांड्या अगदी आडव्या, बुडबुडा असता तर मधोमध असता. गाडी शांतपणे, कुणाचीही घाई नसल्यासारखी, वळली आणि कापसाच्या पोत्यांत शिरली. दोन पोती फुटली. कापूस वर गेला. खाली यायला त्याला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे माना वर करून बघत राहिले.

"बाबू," मोहिद्दीन म्हणाले, "गादी पायजे हुती तर सांगायचं."

सद्दाम खाली वाकला, पुढच्या चाकांकडे पाहिलं, उभा राहिला, पुन्हा वाकला.

"मामा, स्टेअरिंग सरळ हाय. टायरं वाकडी हुती."

"म्हणजे?"

"म्हंजे टायरं वाकडी असताना आपण स्टेअरिंग सरळ बसवलं. आता टायरं सरळ केली की स्टेअरिंग वाकडं हुणार."

"मग टायर बघायचे कुणी?"

"पाणसळ तुमच्या हातात हुती."

जोतीरामांनी उतार वजा केला होता. वळण वजा करायचं राहिलं होतं. त्यांच्या केसांत, मिशीत, खिशात कापूस होता. ते घरात गेले आणि आंघोळीला बसले. विजयमालाबाईंनी बाहेरून पाणी गरम आहे का एवढंच विचारलं. त्या दुसरं काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

पुलर रविवारी संध्याकाळी विट्याहून परत येणार. कॅम्प सोमवारी. मधले दिवस सराव बुडवायला विजयमालाबाई तयार नव्हत्या.

आता गाडी अशी चालायची: रस्ता सरळ, गाडी सरळ, आणि स्टेअरिंगच्या दांड्या एक आभाळाकडे, एक जमिनीकडे. वळण संपलं की इंडिकेटर आपोआप बंद व्हायचा, तोही गोंधळला. उजवा लावल्या लावल्या विझे. डावा एकदा लागला की विझायचं नावच घेत नसे. जोतीराम डावा इंडिकेटर लावून बाजारातून कसेबसे, पहिल्या गिअरमध्ये घरी आले, तेव्हा त्यांच्या मागे एक टेम्पो गल्लीपर्यंत आला होता, हे कधी वळणार ते बघायला.

आणि ते स्वतः तर पन्नास पावलंही नीट जाऊ शकत नव्हते. उभी दांडी दिसली की त्यांचा हात ती आडवी करायला जाई. आडवी केली की गाडी गटाराकडे. डोळ्यांना कळत होतं, हातांना पटत नव्हतं. इतक्या वर्षांचे हात. ते ऐकत नव्हते.

"सरका," विजयमालाबाई म्हणाल्या.

त्या बसल्या. दांडी नाकासमोर उभी धरली. गाडी गल्लीतून रेषेसारखी गेली. बाजारातलं ते वळण त्यांनी असं घेतलं की ट्रॉलीवाल्यानं ओळखून हात वर केला. स्टेशन रोडला गेल्या, माळावर आठचा आकडा काढला, पुढून काढला, मागून काढला.

"कसं काय गं?" जोतीरामांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"दांडी उभी म्हंजे सरळ, आडवी म्हंजे वळलं," त्या म्हणाल्या. "मला तर हे लय सोपं वाटतंय. आधीच्यात कळायचंच न्हाई."

मागच्या सीटवर शाहजादी बसलेली असायची, सरावाला सोबत म्हणून. ती म्हणाली, "वैनी, तुझ्या हातात गाडी कशी लोण्यासारखी चालतीय." मग पुढच्या सीटवरच्या जोतीरामांकडे बघून, "बाबूंच्या हातात पण बरी हुती."

शनिवार गेला, रविवार आला. विजयमालाबाई माळावरून परत येताना गाणं गुणगुणत होत्या. जोतीराम त्यांच्याकडे बघत होते. त्यांना आनंद होत होता. बायकोला गाडी येते, हे ठीक. पण ती आपल्या चुकीवर चालते, आणि आपल्याला ती चूक चालवता येत नाही, हे ते वजा करून बघत होते आणि उरलेलं काही जुळत नव्हतं.

त्यात गुंडा आप्पा ओट्यावरून म्हणाले, "बाबू, कॅम्पात सायेब पयलं स्टेअरिंग बघतोय. वाकडं दिसलं की गाडी बाजूला, आणि माणूस घरी. आमी बघितलंय." आप्पांनी स्वतः परीक्षा दिली तेव्हा साहेब सायकलवरून आला होता, पण एसटी चालवलेल्या माणसाचा आवाजच असा असतो की त्यावर विश्वास बसतो.

जोतीरामांना रात्री झोप लागली, कारण त्यांचं ठरलं होतं.

*

सोमवारी पहाटे विजयमालाबाई चुलीपुढे धपाटे थापत होत्या. जोतीराम सद्दामकडून आणलेला पुलर घेऊन गाडीकडे गेले. या वेळी गाडी सपाट जागी होती. या वेळी त्यांनी आधी टायर बघितले, सुतळी ताणून, पुढचा मागच्याच्या रेषेत. मग पुलर लावला, चाक काढलं, दांड्या आडव्या केल्या, बसवलं, नट आवळला. एकट्यानं. सद्दाम नाही, मोहिद्दीन नाही. गाडी वीस हात पुढे नेली, मागे आणली. सरळ. स्टेअरिंग सरळ, टायर सरळ, गाडी सरळ. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, काही अंशी धपाट्यांच्या धुरानं.

त्यांनी विजयमालाबाईंना काही सांगितलं नाही. ही भेट होती.

"आज मी चालवतो मैदानापर्यंत," ते म्हणाले. "तू दमू नको." विजयमालाबाई आणि शाहजादी मागे बसल्या, मध्ये धपाट्यांचा डबा. सगळा रस्ता त्या दोघी रस्त्यावरच्या खुणांची उजळणी करत होत्या. "तिकोनात दप्तर घेतलेलं पोर?" "शाळा." "गोलात बैलगाडी?" "बैलगाडीला बंदी." जोतीराम पुढे एकटेच हसत होते.

विश्रामगृहाच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीनं आठचा मोठा आकडा आखला होता. झाडाखाली टेबल, टेबलामागे परीक्षा घ्यायला आलेली एक तरुण अधिकारी. तिला सगळे साहेब म्हणत होते. रांगेत एक ट्रॅक्टर, दोन जीप, मग विजयमालाबाई.

जोतीराम डावीकडे सरकले आणि त्या पुढे येऊन बसल्या. स्टेअरिंग पाहिलं. हात ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले.

"हे कुणी केलं?"

"मी," जोतीराम म्हणाले आणि किंचित मान खाली घातली, सत्कार होताना घालतात तशी.

विजयमालाबाईंनी गाडी चालू केली. मैदानाच्या कडेला थोडी पुढे नेऊन बघू म्हणाल्या. त्यांनी दांडी नाकासमोर उभी केली आणि गाडी चहाच्या छपराकडे निघाली. चहावाल्यानं किटली उचलली. त्यांनी दांडी आडवी केली, मग वाटलं वळलं, म्हणून पुन्हा उभी केली. छपराचा एक बांबू हलला. ब्रेक दाबून त्या थांबल्या. स्टेअरिंगवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले. 

"अगं, पण आता सरळ आहे ते," जोतीराम म्हणाले. "सगळ्या जगाचं असं असतं."

विजयमालाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना रडू येत होतं, आणि त्यांच्या संसारात ते दृश्य इतकं क्वचित घडत असे की जोतीरामांना पाय कुठे ठेवावेत कळेना.

"आवं," त्या हळू म्हणाल्या, "अंकिताला काय सांगू?"

रांगेत ट्रॅक्टरचा आकडा पूर्ण झाला. पहिली जीप सुरू झाली.

जोतीराम गाडीतून उतरले. आयुष्यभर जे बरोबर तेच लिहिलेल्या त्या माणसानं डिकी उघडली आणि पाना आणून बायकोच्या हातात दिला. "पुलर घरी राहिला," ते म्हणाले. "निघणार नाही बहुतेक. मी चांगला आवळलाय."

विजयमालाबाईंनी बटण काढलं, नट फिरवला. तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला. चाकाच्या खाली दोन्ही गुडघे लावले, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि चाक हातात आलं. सद्दामनं आवळलेलं काढायला तीन पायांचं हत्यार लागत होतं. जोतीरामांनी आवळलेलं गुडघ्यांनी निघालं. शाहजादीनं तोंडाला पदर लावला.

दुसरी जीप सुरू झाली होती. झाडाखालून साहेब उठून आली.

"काय चाललंय हे?"

"स्टेअरिंग वाकडं बसवतीय, सायेब."

"का?"

"ह्यांनी सरळ बसवलंय."

साहेबानं जोतीरामांकडे पाहिलं. जोतीरामांनी मान हलवली. हा गुन्हा त्यांनी पूर्णपणे कबूल केला.

"वाकडं असलं तर चालत नाही का?" त्यांनी घाबरत विचारलं. "म्हणजे नियमात?"

साहेब विचारात पडली. "स्टेअरिंग हलता कामा नये. ढिलं नको. घट्ट आवळून घ्या कुणाकडून तरी." तिनं पुन्हा जोतीरामांकडे पाहिलं. "यांच्याकडून नको. बाकी दांडी उभी की आडवी, तो तुमच्या घरातला प्रश्न आहे. मी गाडी कुठे जाते ते बघते."

नुकताच पास झालेला ट्रॅक्टरवाला, धनाजी नावाचा, बाह्या सरसावत आला आणि त्यानं नट असा आवळला की गाडी एका बाजूला झुकली. साहेबानं स्वतः चाक हलवून, ओढून पाहिलं. हललं नाही. तिनं मान डोलावली.

विजयमालाबाईंनी दांडी नाकासमोर धरली. हात स्थिर होते. गाडी आठाच्या पहिल्या पोटात शिरली, फक्कीच्या रेषेला न शिवता फिरली, कमरेतून निघाली, दुसऱ्या पोटात गेली. मग थांबली, आणि तेच सगळं मागून. चहावाला किटली खाली ठेवायची विसरला होता. जोतीराम झाडाला धरून उभे होते आणि गाडीकडे नाही, तर टायरकडे बघत होते.

गाडी टेबलापाशी थांबली. डावा इंडिकेटर लागलेला होता.

"तो बंद करा," साहेब म्हणाली.

"तो हुत न्हाई, सायेब. हातानं करावा लागतोय." त्यांनी हातानं केला.

"झालं," साहेब म्हणाली आणि सही केली. "पुढचा."

*

गाडी घरी गेलीच नाही. मैदानातून निघाली ती मसूरच्या रस्त्याला लागली, मलकापूरकडे. डाव्या बाजूला जोतीराम, मागे शाहजादी. तिनं घरी फोन करून मोहिद्दीनला स्वतःचं जेवण स्वतः वाढून घ्यायला सांगितलं होतं. डबा उघडला गेला. विजयमालाबाईंनी एका हातानं धपाट्याचा तुकडा तोंडात टाकला, आणि जोतीराम, "दोन्ही हात," म्हणणार होते, ते म्हणाले नाहीत.

अंकिताचा फोन आला. तो जोतीरामांनी उचलला.

"बाबा, निघालात का? कुठवर आणलीत गाडी?"

"तुझी आई आणतेय," ते म्हणाले. "मी संगट आहे."

त्यांना पुन्हा पुन्हा स्टेअरिंगकडे बघावंसं वाटत होतं. एक दांडी आभाळाकडे, एक विजयमालाबाईंच्या मांडीकडे, हॉर्नवरचं कंपनीचं चिन्ह कुशीवर झोपलेलं. बघितलं की त्यांचा हात दांडी आडवी करायला उचलायचा. मग त्यांना एक युक्ती सुचली. त्यांनी मान उजवीकडे वाकवली. आणखी वाकवली. बायकोच्या खांद्याला डोकं टेकेल इतकी वाकवली. तेव्हा कुठे दांड्या आडव्या झाल्या, चिन्ह जागं झालं, आणि स्टेअरिंग काट्यात आलं. बदल्यात विजेचे खांब, उसाचे फड आणि समोरून येणारी एसटी एवढं आडवं झालं, पण त्यांच्याशी जोतीरामांचं काही घेणं नव्हतं.

"बाबू, मान अवघडली व्हय?" शाहजादीनं मागून विचारलं.

"नाही," जोतीराम म्हणाले. "इथनं बरं दिसतंय."